घर, अंगण आणि शिवार : हिंगोली जिल्ह्यातील इमारतींच्या परिसरातील पतंग व अळ्या यांची ओळख
(प्रस्तावना)

पतंग आणि त्यांच्या अळ्या ओळखण्याचे शास्त्र बहुधा रानात किंवा पिकात शिकवले जाते. पण बहुतेक माणसांची या कीटकांशी गाठ पडते ती घराच्या भिंतीवर, ओसरीतल्या दिव्याखाली, धान्याच्या कोठीत, शाळेच्या व्हरांड्यात किंवा अंगणातल्या शेवग्याच्या खोडाशी. हिंगोली जिल्ह्यातील घरे, शाळा, गोदामे, जिनिंग, मंदिरे आणि सरकारी कचेऱ्या यांच्या आत व आसपास दिसणारे पतंग व अळ्या कसे ओळखावेत, त्यांतले कोणते त्या इमारतीत राहतात आणि कोणते केवळ येऊन जातात, हे सांगणे हा प्रस्तुत मार्गदर्शिकेचा हेतू आहे. तिच्या मुळाशी एक साधे सूत्र आहे: कीटकाचा रंग पाहण्याआधी तो कोठे, कशावर आणि कोणत्या दिवसांत सापडला हे विचारावे, आणि त्याच्यावर कोणताही उपाय करण्याआधी त्याची ओळख पटवावी. या सूत्राचे स्पष्टीकरण आणि त्यासाठी लागणारी पूर्वतयारी म्हणून ही प्रस्तावना आहे.

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला आणि त्यात हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव व औंढा नागनाथ हे पाच तालुके आहेत. पैनगंगा, कयाधू आणि पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीवर सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, ज्वारी आणि हळद ही पिके उभी असतात, पाण्याची सोय आहे तेथे ऊस आणि केळीही होतात, आणि डोंगराळ भागात साग, पळस यांचे पानझडीचे रान आढळते. येथील गावे अशी वसलेली आहेत की शेवटच्या घराची परसभिंत संपते तेथे शेत सुरू होते, आणि शहरांतसुद्धा सोयाबीनची रास, तुरीचे पोते किंवा कापसाचा ढीग काही काळ घराच्याच छपराखाली मुक्काम करतो. त्यामुळे भिंतीवर बसलेला पतंग ही एकटीदुकटी घटना नसते. आसपास काय पेरले आहे, कोणते झाड लावले आहे, घरात काय साठवले आहे, याची ती नोंद असते, आणि ती वाचता येणे हेच ओळखीचे खरे फळ आहे.

पतंग आणि फुलपाखरे हे दोन्ही खवलेपंखी या एकाच गणात मोडतात. त्यांच्या पंखांवर आणि अंगावर सूक्ष्म खवल्यांचे आवरण असते, आणि पंखाला बोट लावल्यावर बोटाला जी पूड चिकटते ती म्हणजे हे खवलेच. जगभरात या गणातील सुमारे १ लाख ६० हजार जातींचे वर्णन झाले आहे आणि त्यांत फुलपाखरांचा वाटा एक अष्टमांशाच्या आसपासच आहे. उरलेले सारे पतंग आहेत. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉर्मन या फुलपाखराला राज्यफुलपाखराचा मान दिला आणि त्यानंतर फुलपाखरांविषयीची आस्था वाढली, ही आनंदाची गोष्ट आहे; परंतु संख्येने कितीतरी अधिक असलेल्या आणि शेतीशी, धान्याशी व रेशमाशी अधिक जवळून जोडलेल्या पतंगांच्या वाट्याला तेवढे लक्ष आलेले नाही. दोघांमधला भेद सांगणारी सर्वांत भरवशाची खूण शृंगिकांत, म्हणजे डोक्यावरील स्पर्शेंद्रियांत, सापडते. फुलपाखराच्या शृंगिकेचे टोक गाठीसारखे फुगीर असते, तर पतंगाची शृंगिका सरळ दोऱ्यासारखी किंवा फणीसारखी दातेरी असते. विसावताना फुलपाखरे बहुधा पंख पाठीवर उभे मिटतात आणि पतंग ते आडवे पसरतात किंवा छपराप्रमाणे उतरते ठेवतात. पण या दुसऱ्या खुणेला अपवाद पुष्कळ आहेत आणि दिवसा उडणारे पतंगही आहेत, म्हणून निर्णय शृंगिका पाहूनच करावा.

या अभ्यासाला भारतात दोन वाटांनी आकार आला. पहिली वाट संग्रह आणि वर्णनाची आहे. चार्ल्स स्विन्हो या लष्करी अधिकाऱ्याने १८८५ मध्ये मुंबई व दख्खनमधील खवलेपंखी कीटकांवर लेख प्रसिद्ध केले, पुढे ई. सी. कोट्स यांच्यासह १८८७ ते १८८९ या काळात भारतातील पतंगांची सूची सिद्ध केली, आणि जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ दरम्यान ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत पतंगांचे चार खंड लिहिले, ज्यांचा आधार आजही घेतला जातो. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि १९१६ मध्ये स्थापन झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था, जिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे, यांनी हीच वाट पुढे नेली. दुसरी वाट शेतीच्या गरजेतून निघाली. टी. बेनब्रिग फ्लेचर यांचा दक्षिण भारतातील कीटकांवरील १९१४ चा ग्रंथ हा तिच्या आरंभकाळातील महत्त्वाचा टप्पा होय, आणि मराठवाड्यापुरते बोलायचे तर १९७२ मध्ये परभणीला स्थापन झालेले कृषी विद्यापीठ, ज्याला पुढे वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले, तसेच कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र यांच्या सल्ल्यांतून ती आज शेतकऱ्यांपर्यंत पोहोचते. पहिली वाट पंख वाचायला शिकवते आणि दुसरी पीक. घराच्या भिंतीवरील कीटक ओळखायचा तर दोन्ही लागतात.

अळी ही या कीटकाची खाण्याची आणि वाढण्याची अवस्था आहे, आणि घरात होणारे जवळजवळ सर्व नुकसान याच अवस्थेत होते. प्रौढ पतंग फार तर मध, रस किंवा पाणी शोषतो आणि काही जातींत तर काहीच खात नाही. अंड्यातून निघालेली अळी अनेकदा कात टाकते, दोन कातींमधील प्रत्येक टप्प्यात तिचा रंग आणि ठेवण बदलू शकते, आणि शेवटी ती कोषात जाते. म्हणून केवळ रंगावरून अळी ओळखणे हा कच्चा मार्ग ठरतो आणि पायांची मांडणी हा पक्का. खवलेपंखी अळीच्या डोक्यामागे खऱ्या, सांधे असलेल्या पायांच्या तीन जोड्या असतात, आणि पोटाखाली मांसल, बिनसांध्याच्या पोटपायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात, ज्यांच्या तळाशी सूक्ष्म आकड्यांची रांग असते. पोटपायांच्या जोड्या कमी असल्या की चाल बदलते: शरीराची कमान करून पुढे सरकणाऱ्या ज्या अळीला शेतकरी उंटअळी म्हणतात, तिचे पुढचे पोटपाय गळालेले किंवा खुंटलेले असतात. पोटपायांच्या सहा किंवा त्याहून अधिक जोड्या दिसल्या तर ती अळी पतंगाची नव्हेच. मुळा आणि मोहरीवर येणारी काळसर अळी, जिला अशा आठ जोड्या असतात, ती गांधीलमाश्या आणि मधमाश्या ज्या गणात येतात त्या गणातील करवत माशीची संतती आहे. आणि पोटपाय मुळीच नसतील तर बहुधा भुंगेऱ्याची किंवा माशीची अळी समोर आहे असे समजावे. अशा रीतीने भिंगाशिवाय, पाय मोजून, पहिली चाळणी लावता येते.

इमारतीच्या परिसरातील जातींचे या मार्गदर्शिकेत तीन गट केले आहेत: घरातच जीवनचक्र पूर्ण करणारे, अंगणातील झाडांवर वाढणारे आणि शिवारातून येणारे. हे गट वर्गीकरणशास्त्राचे नाहीत. ते वाचकाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी केलेले आहेत, आणि तो प्रश्न असा की हा जीव येथे राहतो की येथे आला आहे.

पहिल्या गटात जाती थोड्या आहेत, पण त्यांची ओळख सर्वांत उपयोगी आहे. जुन्या मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर, कपाटाच्या मागे आणि छताच्या कोपऱ्यात भोपळ्याच्या बीसारखी चपटी, राखाडी, साधारण एक सेंटिमीटर लांबीची पिशवी चिकटलेली दिसते, आणि पुष्कळजण ती भिंतीचा पोपडा समजून झाडून टाकतात. हे फेरिओइका या प्रजातीतील पतंगाच्या अळीने रेशमी धाग्यांत धूळ, वाळूचे कण आणि कचरा गुंफून बांधलेले घरटे आहे. थोडा वेळ स्थिर राहून पाहिले की पिशवीच्या एका टोकातून काळसर डोके आणि तीन जोड्या पाय बाहेर येतात, भिंतीला पकड घेतात आणि मागे पिशवी ओढली जाते. अडथळा आल्यास अळी आतल्या आत वळून दुसऱ्या टोकातून निघते, कारण पिशवी दोन्ही बाजूंनी उघडी असते. कोळ्यांची जुनी जाळी, केस, लोकरीचे तंतू आणि मेलेले किडे हे तिचे अन्न असल्याने तिच्यासाठी औषध फवारण्याची गरज नसते. जळमटे काढली की तिचे पोट भरत नाही. लोकरीच्या आणि रेशमी कपड्यांची चाळण करणारे पतंग याच कुळातील होत.

धान्याच्या कोठीतील पतंगांत तीन जाती मुख्य आहेत आणि त्यांची ओळख नुकसानीच्या स्वरूपावरून होते. ज्वारी, गहू किंवा मक्याच्या दाण्याला एकच गोल भोक पडलेले असेल, दाणा आतून पोकळ झालेला असेल आणि पोत्यावर फिकट पिवळसर, अरुंद व झालरीच्या पंखांचे लहान पाखरू बसलेले असेल, तर ते सिटोट्रोगा सिरिअलेला होय; याची अळी सारे आयुष्य एकाच दाण्यात काढते आणि हिची लागण शेतात, कणीस उभे असतानाच, होऊ शकते. रवा, तांदूळ, भरड किंवा शेंगदाण्यांना जाळी धरली असेल, दाणे धाग्यांनी एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झाले असतील आणि पतंग एकसारखा राखाडी-तपकिरी असेल, तर ती तांदळावरील पतंगाची, म्हणजे कॉर्सायरा सेफॅलोनिकाची, खूण आहे. जाळी तशीच, पण पतंगाच्या पुढच्या पंखाचा मुळाकडील भाग फिकट आणि टोकाकडील भाग तांबूस असेल, तर तो प्लोडिया इंटरपंक्टेला. शालेय पोषण आहाराचा तांदूळ साठवणाऱ्या खोल्यांपासून किराणा दुकानांपर्यंत हे भेद उपयोगी पडतात, कारण दाण्याच्या आत बसलेल्या अळीला चाळणी पुरत नाही, तिथे कडक ऊन आणि बंद, कोरडी साठवण हाच उपाय असतो, तर जाळी करणाऱ्या अळीला चाळणी आणि स्वच्छता यांनी बरेचसे आवरता येते. धान्यातील हाच उपद्रवी कॉर्सायरा प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवला जातो, कारण त्याच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा ही मित्रकीटक गांधीलमाशी पोसली जाते आणि ती पुढे पिकावरील पतंगांची अंडी नष्ट करण्यासाठी सोडली जाते. मधमाश्यांच्या सोडून दिलेल्या पोळ्यांत मेण खाऊन जाळे विणणारा गॅलेरिया मेलोनेला हाही इमारतींचाच रहिवासी आहे. उंच इमारतींच्या सज्जांखाली आणि मंदिरांच्या शिखरांवर जेथे आग्यामोहोळ बसते, तेथे तो आढळण्याचा संभव असतो.

दुसरा गट अंगणाचा आहे, आणि येथे झाडाची ओळख हीच कीटकाच्या ओळखीची किल्ली ठरते, कारण बहुतेक अळ्या ठरावीक वनस्पतींवरच जगतात. तगर, कण्हेर आणि सदाफुली यांवर सापडणारी बोटाएवढी हिरवी अळी, जिच्या शरीराच्या मागच्या टोकावर शिंग असते आणि जिने मान आखडली की निळे, पांढऱ्या मध्याचे दोन डोळे उघडल्यासारखे दिसतात, ती डॅफ्निस नेरिआय या हॉक पतंगाची होय. ते डोळे केवळ रंगाचे ठिपके आहेत, खरे डोळे खाली वाकवलेल्या डोक्यावर असतात, आणि शिंग कोणालाही टोचत नाही. कोषात जाण्याआधी ही अळी तपकिरी होते, झाडावरून उतरते आणि पालापाचोळा शोधत अंगण ओलांडते. याच वेळी ती सापाचे पिल्लू समजून मारली जाते. तीळ आणि वांगी यांवर वाढणारा अकेरॉन्शिया स्टिक्स हाही याच कुळातला. त्याच्या पाठीवर कवटीसारखी आकृती असते, तो मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरतो आणि पकडला असता चीं असा आवाज काढतो. त्या आकृतीमुळे आणि आवाजामुळे त्याच्याभोवती अपशकुनाच्या समजुती जमल्या असल्या तरी तो माणसाला पूर्णतः निरुपद्रवी आहे.

शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात शेकड्यांनी एकत्र बसणारे केसाळ सुरवंट युप्टेरोटे मॉलिफेराचे असतात, एरंडावरील दाट केसांचे काळसर सुरवंट, जे हात लागताच वेटोळे करतात आणि पुढे कोषासाठी जागा शोधत भिंती चढतात, ते बहुधा ओलेपा रिसिनीचे, आणि त्याच एरंडाची पाने चाळण करणारी गुळगुळीत उंटअळी अकेया जनाटाची. आंबा, पेरू किंवा लिंबूवर्गीय झाडाच्या फांदीवर भुसा आणि विष्ठा यांनी विणलेले पट्टे दिसले की आत इंडारबेलाची साल खाणारी अळी आहे असे समजावे. बाभळीवर किंवा घराच्या कुंपणावर काड्यांची मोळी लोंबताना दिसली तर तो युमेटा या पिशवीवाल्या पतंगाचा मुक्काम होय. याची मादी पंखहीन असते आणि पिशवीतच अंडी घालून मरते. महारुखाच्या पानांना जाळी करून राहणारी अळी अटेव्हा फॅब्रिसिएला या नारिंगी पंखांवर पांढरे ठिपके असलेल्या पतंगाची असते. कडुनिंबावर चढवलेली गुळवेल तर एका मोठ्या कोड्याचे उत्तर देते. मोसंबीच्या आणि डाळिंबाच्या फळांना सोंड टोचून ती सडवणारा युडोसिमा हा रसशोषक पतंग रात्री बागेत येतो, पण त्याच्या अळ्या बागेत शोधून सापडत नाहीत, कारण त्या गुळवेल आणि वासनवेल यांवर वाढतात. मोसंबीच्या बागेतील नुकसानीचे मूळ अशा वेळी कुंपणाच्या वेलीवर असते.

तिसरा गट शिवारातून दिव्याकडे आणि साठवणीकडे येणाऱ्या पतंगांचा आहे आणि हिंगोलीत हाच सर्वांत मोठा आहे. सोयाबीनच्या हंगामात ओसरीतल्या दिव्याखाली जमणाऱ्या पतंगांत पुढच्या तपकिरी पंखांवर फिकट तिरप्या रेषांचे जाळे आणि मागचे पंख पांढरे असलेला पतंग स्पोडोप्टेरा लिटुरा असतो, ज्याची अळी तंबाखूवरील पाने खाणारी अळी म्हणून कृषी पत्रकांत येते. मक्यावर आणि ज्वारीवर येणारी तिची भगिनी, अमेरिकन लष्करी अळी स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि तेथून झपाट्याने पसरली. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट खूण आणि शेपटीआधीच्या खंडावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की तिची ओळख पक्की होते. हिची मादी दिव्याजवळच्या भिंतीवर किंवा खिडकीच्या काचेवरही केसांनी झाकलेले अंडीपुंज घालू शकते. हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा या एकाच जातीला हरभऱ्यावर घाटेअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आणि कपाशीवर अमेरिकन बोंडअळी म्हणतात. तिचा रंग हिरव्यापासून तपकिरीपर्यंत काहीही असू शकतो, आणि त्यामुळे एकाच शेजारातील दोन शेतकरी एकाच कीटकाविषयी बोलत असूनही तो वेगळा समजतात. वसमतच्या हळदपट्ट्यात काळ्या ठिपक्यांचा पिवळा कोनोगेथीस पतंग घराच्या दिव्यावर येतो. त्याची अळी हळदीचे खोड पोखरते, भोकातून भुसा बाहेर येतो आणि मधला पोंगा सुकतो. हळदीचीच पाने गुंडाळून आत राहणारी अळी मात्र पतंगाची नसते, ती उडास्पेस फोलस या फुलपाखराची असते, आणि एका पिकावरील या दोन अळ्यांचा भेद न केल्यास पानाच्या किरकोळ नुकसानीवर खोडकिड्याचा महागडा उपाय केला जातो.

या गटातील गुलाबी बोंडअळी, म्हणजे पेक्टिनोफोरा गॉसिपिएला, हिचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण शेत आणि इमारत यांच्यातील नाते तिच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कोणत्याही जातीत दिसत नाही. कपाशीच्या फुलात शिरून पाकळ्या मिटवून टाकल्याने जी डोमकळी तयार होते ती हिच्या आगमनाची पहिली खूण, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कपाशीचे हिने केलेले नुकसान अजून विस्मरणात गेलेले नाही. हंगाम संपल्यावर ही अळी दोन सरक्या एकमेकींना जोडून त्यांच्या पोकळीत सुप्तावस्थेत बसते आणि अशा सरकीबरोबर जिनिंगमध्ये, सरकीच्या गोदामात किंवा भावाची वाट पाहत घराच्या खोलीत भरून ठेवलेल्या कापसात पोहोचते. जळणासाठी घराच्या मागे रचलेल्या पऱ्हाट्यांवर जी वाळलेली, न फुटलेली बोंडे राहतात त्यांतही ती असते. खोलीच्या भिंतीवर चढणारी सुमारे एक सेंटिमीटर लांबीची गुलाबी अळी किंवा जिनिंगच्या दिव्याखाली जमलेले लहान, राखाडी-तपकिरी पतंग हे म्हणूनच पुढच्या हंगामाची पूर्वसूचना असतात. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेले कपाशीचे पीक, न घेणे, पऱ्हाट्यांचे ढीग वेळेवर मोडणे आणि जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नराला आकर्षून पकडणारे सापळे, लावणे हे उपाय या सुप्त पिढीला लक्ष्य करतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळल्यास शेतात उपाय योजावा, अशी शिफारस कृषी तज्ज्ञ करतात. अशा शिफारशीचा अर्थ ज्याला सापळ्यातला पतंग ओळखता येतो त्यालाच लावता येतो.

ओळखीत फसवणारे कीटकही सांगितले पाहिजेत. न्हाणीघराच्या भिंतीवर हृदयाच्या आकाराचे पंख पसरून बसणारी करडी, केसाळ, तीन-चार मिलिमीटरची आकृती पतंग नव्हे. ती मोरीतील गाळात वाढणारी माशी आहे आणि तिला पंखांची एकच जोडी असते. पहिल्या पावसानंतर दिव्यावर झेपावणारे वाळवीचे पंखधारी किडे आणि पुस्तकांतून सुळकन निघणारे बिनपंखी चंदेरी कीटक यांचाही पतंगांशी संबंध नाही. सर्वांत वाईट परिणाम होणारी चूक मात्र वेगळी आहे. सुस्त झालेल्या अळीच्या अंगावर किंवा शेजारी तांदळासारख्या पांढऱ्या, रेशमी गुंडाळ्यांचा झुबका दिसतो आणि ती अळीची अंडी समजून चिरडली जाते. अळी कधीच अंडी घालत नाही. त्या गुंडाळ्या अळीच्या शरीरात वाढून बाहेर पडलेल्या परजीवी गांधीलमाश्यांचे कोष असतात, आणि ते जपले तर त्यांतून निघणाऱ्या माश्या पुढच्या अळ्यांचा बंदोबस्त करतात.

पतंग दिव्याकडे का येतात या जुन्या प्रश्नावर २०२४ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने नवा प्रकाश टाकला आहे. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी उड्डाण टिपून संशोधकांनी असे दाखवले की उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. रात्रीच्या आकाशाखाली त्यामुळे त्याला वर-खाली यांचे भान राहते, पण जवळच्या कृत्रिम दिव्याकडे पाठ वळवत राहिल्याने त्याची दिशा सतत वाकते आणि तो दिव्याभोवतीच अडकतो. या स्पष्टीकरणातून घरगुती व्यवहारालाही दिशा मिळते. वर आकाशाकडे पसरणारा उघडा, निळसर-पांढरा दिवा अधिक कीटक अडकवतो, तर खाली झाकणीत बसवलेला पिवळसर दिवा कमी, त्यामुळे दारासमोरचा दिवा बदलल्याने जे साधते ते पुष्कळदा औषधाने साधत नाही. अभ्यासकाने मात्र हाच उजेड पांढऱ्या कापडावर पाडून निरीक्षणाचे साधन करावे.

ऋतुमानही ओळखीला मदत करते. पहिल्या पावसानंतर जमिनीतील कोषांतून निघालेले पतंग आणि त्यामागोमाग अंगणातील सुरवंट, श्रावण-भाद्रपदात सोयाबीनवरील उंटअळ्या आणि स्पोडोप्टेरा, दसरा-दिवाळीपासून कापसाच्या वेचणीबरोबर गुलाबी बोंडअळी, मार्गशीर्ष-पौषात तूर व हरभऱ्यावरील घाटेअळी, आणि शेत रिकामे झाल्यावर उन्हाळ्यात कोठीतील पाखरे, असा साधारण क्रम असतो. हा क्रम पाऊस आणि पेरणी यांच्याबरोबर मागेपुढे सरकतो, तरीही भाद्रपदात दिव्याखाली सापडलेल्या पतंगासाठी पहिली शंका कोणावर घ्यावी हे त्यावरून ठरते.

केसाळ अळ्यांच्या बाबतीत ओळख हा आरोग्याचाही प्रश्न आहे. सर्वच सुरवंट त्रासदायक नसतात. पण काहींचे केस पोकळ, दाहक आणि सहज तुटणारे असतात, आणि पॅरासा लेपिडासारख्या, पाय न दिसणाऱ्या, निळ्या पट्ट्याच्या हिरव्या अळीचे काटे लागताच तीव्र आग होते. कातडीला केस लागल्यास जागा चोळू नये. चिकटपट्टी हलकेच लावून उचलावी, म्हणजे केस तिच्याबरोबर निघतात, आणि नंतर साबणाने धुवावे. डोळ्यात केस गेल्यास तो चोळणे धोक्याचे असते, कारण केस आत सरकत जातो, म्हणून लगेच डॉक्टरांकडे जावे. शेवग्याच्या खोडावरील झुंडीला हात न लावता ती दिवसा, एकत्र बसलेली असताना, लांब काठीच्या झाडूने साबणाच्या पाण्यात पाडणे हा मुलांच्या वावराच्या जागी सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

ओळख पक्की करण्याचा शेवटचा उपाय म्हणजे अळी वाढवून पाहणे. जाळीने झाकलेल्या बरणीत तिच्या मूळ झाडाचेच पान रोज ताजे द्यावे, तळाशी थोडी ओलसर माती किंवा वाळला पाला ठेवावा, आणि सापडल्याची तारीख, गाव, इमारतीचा प्रकार, झाड, कोषाचा दिवस व पतंग निघाल्याचा दिवस यांची नोंद करावी. छायाचित्र घेताना अळीची एक बाजू, पाठ, डोके आणि पोटपाय असे चार भाग वेगवेगळे टिपावेत, आणि पतंगाचे पंख मिटलेले व उघडलेले अशी दोन्ही रूपे टिपावीत, कारण मागच्या पंखाचा रंग झाकलेला असला तर अनेक जाती सारख्या दिसतात. काही गटांत जाती सूक्ष्म अवयवांच्या तपासणीशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. तेथे कुळापर्यंत किंवा प्रजातीपर्यंत थांबणे हाच प्रामाणिक निष्कर्ष असतो, आणि या मार्गदर्शिकेत तसे थांबण्याला कमीपणा मानलेला नाही.

अशा ओळखीचा सर्वांत मोठा लाभ संयमाचा आहे. घराजवळ तुतीची बाग असेल, आणि जिल्ह्यातील अनेक शेतकरी आज रेशीमशेती करतात, तर अनोळखी अळीच्या भीतीने केलेली एक फवारणी वाऱ्याबरोबर तुतीच्या पानांवर उतरून कीटकसंगोपनगृहातील संपूर्ण पीक नष्ट करू शकते; आणि तेथील रेशीमकिडा, बॉम्बिक्स मोरी, हाही एक पतंगच आहे, हे विसरता येत नाही. जो भिंतीवरील पिशवीला जळमट काढून, धान्यातील जाळीला उन्हाने आणि चाळणीने, पऱ्हाट्यांतील सुप्त अळीला ढीग मोडून आणि तगरीवरच्या हिरव्या अळीला काहीही न करता उत्तर देऊ शकतो, त्याचा खर्च कमी होतो, त्याच्या घरातील हवा स्वच्छ राहते आणि त्याचे मित्रकीटक वाचतात. प्रत्येक शाळेने, प्रत्येक गोदामाने आणि शक्य असेल त्या प्रत्येक घराने अशी नोंदवही ठेवावी, एका वर्षाची नोंद दुसऱ्या वर्षाशी ताडून पाहावी आणि आपल्या गावाची यादी आपणच तयार करावी, याच अपेक्षेने ही मार्गदर्शिका हिंगोली जिल्ह्यातील शिक्षक, विद्यार्थी, शेतकरी आणि गृहिणी यांच्या हाती दिली जात आहे.